राहीबाई आणि संत अंतोनीची दाढी

नितीन पेंटरनं आपल्या सासूबाईंना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा हिंगणवाडी गावाचा श्वास अडकला होता. पाटाचं पाणी जागच्या जागी थिजलं, उसानं भरलेला ट्रॅक्टर चालू इंजिनासकट गप्प झाला आणि दारातली शेळी तोंडातला पाला चघळायची विसरली. उंबऱ्यात जी बाई उभी राहिली ती साखर कारखान्याच्या धुराड्याएवढी उंच होती आणि तिच्या हातातली जपमाळ बैलाच्या साखळदंडाएवढी जाड. असं नितीन सांगतो. त्याची बायको मोनिका सांगते की पाट त्या महिन्यात कोरडाच होता, ट्रॅक्टर गावात एकाकडेही नव्हता आणि तिच्या आईची उंची चपला घालून पावणेपाच फूट होती. शेळीबद्दल मात्र तिला खात्री नाही.

नितीन त्या दिवशी नगरहून वडिलांबरोबर मुलगी बघायला आला होता. मुलगा ख्रिस्ती, मुलगी ख्रिस्ती, तेव्हा अडचण ती काय येणार, अशा समजुतीत बापलेक सतरंजीवर बसले. पण नितीनचं घराणं प्रोटेस्टंट होतं आणि राहीबाई कॅथलिक होत्या. कांदेपोह्यांच्या बश्या हातात पडायच्या आधी राहीबाईंनी विचारलं, "साक्रामेंत किती?"

नितीनला वाटलं, हुंड्याचा एखादा प्रकार असावा. त्यानं वडिलांकडे पाहिलं. वडील चर्चच्या कमिटीवर होते. ते म्हणाले, "दोन संस्कार. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन."

"सात," राहीबाई म्हणाल्या.

"आमच्यात दोनच आहेत हो."

"आमच्यात सात हायेत. पोरगी सातावर वाढलीय. दोनावर कशी दिवस काढंल?"

वडील धान्याच्या व्यापाऱ्याकडे मुनीम होते. त्यांनी सवयीनं तोडगा काढला. "बरं, तुमचं राहू द्या, आमचं राहू द्या. चार-पाच धरा."

हे बोलणं ऐकून राहीबाईंचे यजमान रंभाजी, जे कोपऱ्यात बसले होते आणि ज्यांना पुढंही सगळा जन्म कोपऱ्यातच बसायचं होतं, पहिल्यांदा आणि शेवटचे मोठ्यानं हसले. लग्न सातावर ठरलं. नितीनला त्यातल्या तिनांचाच अर्थ लागला. उरलेल्यांविषयी तो आजही गोंधळलेला आहे, पण संसार व्यवस्थित झाला.

राहीबाई जन्मल्या कधी हे त्यांना नक्की ठाऊक नव्हतं. चर्चच्या वहीत त्यांचं नाव रेजिना होतं, पण त्या नावानं त्यांना हाक मारणारा एकमेव माणूस म्हणजे त्यांचा बाप्तिस्मा करणारा गोरा फादर, आणि तो केव्हाच परदेशात मातीआड झाला होता. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली. मिशनची दुधाची पावडर वाटली जायची त्या रांगेची व्यवस्था त्यांनी कुणी न सांगता आपल्याकडे घेतली. हातात पळी घेऊन त्या रांगेच्या कडेनं फिरत. मधे घुसणाऱ्याला पळीचा प्रसाद मिळे, मग तो कुठल्याही धर्माचा असो. त्या काळात गावातल्या पाटलानंही गुपचूप मागं जाऊन उभं राहिल्याचं म्हातारी माणसं सांगतात.

संध्याकाळी जपमाळ चाले. राहीबाई मारियेची प्रार्थना ज्या सुरात म्हणत त्याच सुरात मधूनमधून "मोने, दूध उतू चाललंय" आणि "हाड, मेल्या" हेही म्हणत. नातीला, मोनिकाच्या दिशाला, पाचव्या वर्षापर्यंत वाटत होतं की हे प्रार्थनेचेच शब्द आहेत. शाळेत सिस्टरनी प्रार्थना म्हणायला सांगितली तेव्हा तिनं ती दुधासकट म्हणून दाखवली.

एवढ्या खंबीर बाईच्या आयुष्यात एकच जागा दुखरी होती. त्यांचा थोरला मुलगा श्रीमंत. मोनिकाहून आठ-नऊ वर्षांनी मोठा. राहीबाईंनी तो पोटात असतानाच देवाला बोलून ठेवलं होतं की मुलगा झाला तर फादर करीन. मुलगा झाला. तो मॅट्रिक झाल्यावर त्याला पत्र्याची ट्रंक, नवी चादर आणि दोन डबे शेव-लाडू देऊन फादर घडवणाऱ्या सेमिनरीच्या गावच्या एस.टी.त बसवलं. एस.टी. पोचली. श्रीमंत पोचला नाही. पुढच्या कित्येक वर्षांत ना त्याचा पत्ता लागला, ना ट्रंकेचा. रंभाजी पोराच्या चौकशीला पार मुंबईपर्यंत फिरून आले आणि मग कोपऱ्यात बसून एक दिवस वारले. राहीबाईंनी मात्र प्रकरण संत अंतोनीकडे सोपवलं.

कॅथलिकांत संतांची कामं वाटलेली असतात, हे नितीनला लग्नानंतर कळलं. हरवलेल्या वस्तू शोधून देणं हे खातं संत अंतोनीचं, आणि त्याचा वार मंगळवार. हिंगणवाडीच्या चर्चमध्ये डाव्या हाताच्या कोनाड्यात त्याचा पुतळा होता. तपकिरी झगा, एका हातावर बाळ येशू, दुसऱ्या हातात लिलीचं फूल. दर मंगळवारी राहीबाई त्याच्यापुढे मेणबत्ती लावत आणि हरवलेल्या गोष्टींचा आढावा घेत. शेळी सापडली. नथ सापडली. शेजारच्या पुष्पावतीबाईंच्या मोटारीची किल्ली, जी सगळ्यांनी विहिरीत गेली म्हणून सोडून दिली होती, ती पिठाच्या डब्यात सापडली. श्रीमंत सापडला नाही. एका वर्षी राहीबाईंचा संयम संपला. त्यांनी पुतळ्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि चाळीस दिवसांचा अख्खा उपवासकाळ तसंच ठेवलं. त्या वेळच्या फादरांनी ते दोनदा सरळ केलं आणि दोन्ही वेळा त्यांना राहीबाईंच्या घरून येणारा डबा बंद झाला. तिसऱ्यांदा त्यांनी हात लावला नाही.

नितीन हा सगळा कारभार लांबून पाही. त्याच्या चर्चमध्ये पुतळा नावाची वस्तूच नव्हती. देवाशी थेट बोलायचं, मधे कुणी नाही, असं तो लहानपणापासून शिकला होता. पण सासूबाईंना मधे एक खात्रीचा माणूस लागे, आणि त्या माणसावर रागावताही यावं लागे. त्यात चूक काय, हे नितीनला कधी सांगता आलं नाही.

दोन-तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये अंतोनीचा सण जवळ आला, तेव्हा राहीबाईंनी जावयाला निरोप पाठवला की पुतळा रंगवून द्या. नितीन तेव्हा श्रीरामपुरात राहत होता आणि फ्लेक्सनं त्याचा बोर्डांचा धंदा केव्हाच खाल्ला होता. टेम्पोच्या नंबर प्लेटा आणि उसाच्या ट्रॉल्यांवरची 'आई-वडिलांचा आशीर्वाद' यावर घर चालत होतं. संत रंगवायचं काम पहिल्यांदाच आलं म्हणून तो नवे ब्रश घेऊन गेला.

पुतळा चर्चच्या व्हरांड्यात टेबलावर ठेवला होता. राहीबाई खुर्ची टाकून देखरेखीला बसल्या. वय पंच्याऐंशीच्या आसपास, डोळ्यांवर जाड भिंग, पण हुकूम जुनेच. नितीननं पॉलिश पेपरानं चेहऱ्यावरचा मळ काढायला सुरुवात केली. हनुवटी जरा लांबच होती. त्यानं आणखी घासलं, तर हनुवटीवर बारीक बारीक रेघा निघाल्या आणि रेघांच्या खाचेत तपकिरी रंग.

"आई," तो म्हणाला, "यांना दाढी आहे."

"कुनाला?"

"अंतोनीला."

तेवढ्यात नवे फादर आले. पोरसवदा, संगमनेरकडचे, हातात मोबाईल. त्यांनी वाकून पाहिलं, मग पुतळ्याच्या पायाजवळ पाहिलं. तिथं काहीतरी तुटल्याची खूण होती. मग त्यांनी मोबाईलवर दोन चित्रं शोधून काढली. एकात गुळगुळीत चेहऱ्याचा संन्यासी, हातावर बाळ, हातात लिली. दुसऱ्यात दाढीवाला माणूस, हातावर बाळ, हातात लिली, आणि पायाशी सुताराचा काटकोनी गुण्या.

"आजी," फादर सावकाश म्हणाले, "हे संत अंतोनी नाहीत. हे संत योसेफ आहेत, मारियेचे यजमान, सुतार."

नितीन पेंटर माणूस. त्याला एवढंच कळलं की आता दुसरा रंग आणावा लागणार. पण सासूबाईंकडे पाहिल्यावर त्याच्या लक्षात आलं की हे प्रकरण रंगापाशी थांबणारं नाही.

"दाढी हुती," राहीबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"पेटी उघडली तवा हुती. गोरे फादर आजारी पडून त्यांच्या मुलखात गेले, आन मागनं पेटी आली. कोन हाय ते सांगायला कोन न्हवतं. माज्याकडं अंतोनीचं चित्र हुतं, बाळ हुतं, फूल हुतं. मी म्हनलं, ह्यो अंतोनी."

"पण दाढी?"

"म्हनलं, बोटीनं आलाय. बोटीत न्हावी कुठला. वाढली आसंल."

फादरांनी खोकल्यासारखं काहीतरी केलं. राहीबाईंनी तिकडे दुर्लक्ष करून सांगितलं की दर सणाला पुतळा धुण्याचं काम त्यांचंच होतं, सोड्याचं पाणी आणि नारळाची शेंडी, आणि हनुवटीवर जरा जास्तच हात चाले. संत नीटनेटका दिसावा, एवढाच हेतू. चार-पाच सणांत अंतोनीची दाढी झाली.

नितीनला वाटलं, संपलं. पण त्या फादरांकडे वळल्या.

"फादर, इतकी वर्सं मी श्रीमंतचं मागनं कुनाकडं मागत हुते?"

"योसेफांकडे, आजी. पण काही बिघडत नाही. देवाला सगळं कळतं. संतसुद्धा एकमेकांना सांगतात."

"सांगत्यात?"

"हो."

"मग ह्यांनी अंतोनीला श्रीमंतचं का न्हाई सांगितलं?"

फादर नऊ-दहा वर्षं धर्मशास्त्र शिकून आले होते. त्यांनी नितीनकडे पाहिलं. नितीननं ब्रशकडे पाहिलं.

"आन मी त्यांना भिंतीकडं तोंड करून उभं केलं," राहीबाई म्हणाल्या. "त्यांचा काय संबंध न्हवता. शेळी शोधून देनं त्यांचं कामच न्हाई, तरी दिली बिचाऱ्यांनी. परक्या नावानं हाका मारल्या, ते ऐकून घेतलं. भला मानूस." त्यांनी पदरानं पुतळ्याच्या पायाची धूळ पुसली. मग उठता उठता त्यांचा आवाज पहिल्यासारखा झाला. "जावई, आता खरा अंतोनी आना. माजं मागनं आजून त्यांच्यापर्यंत गेलंच न्हाई. मी मरायच्या आत जायला पायजे."

घरी आल्यावर नितीननं मोनिकाला विचारलं की आता काय करायचं. मोनिका म्हणाली, पुतळा आणायचा. नितीन म्हणाला की अगं, श्रीमंत जाऊन तीस-पस्तीस वर्षं झाली. मोनिका म्हणाली, "मला हिशेब नका सांगू. आईला आशा नव्यानं फुटलीय. आता पुतळा नाही आणला तर ती तुमचं तोंड भिंतीकडं करील."

मूर्ती म्हटलं की श्रीरामपुरातला माणूस शिर्डीला जातो. नितीन एका ओळखीच्या टेम्पोतून गेला. गर्दीचा वार नव्हता, तरी रस्ता फुलवाल्यांनी भरलेला होता. चार दुकानांत त्यानं संत अंतोनी मागितला. पहिल्या दुकानदारानं विचारलं, "कुठले हे? दक्षिणेतले का?" दुसऱ्यानं फोटो पाहून सांगितलं की बिनदाढीचा साधू इकडं चालत नाही. तिसरा म्हणाला, शंभर नग घ्या, साचा बनवतो. चौथं दुकान मोठं होतं, मागं गोदाम, आणि गोदामाच्या दारात एक पन्नाशी उलटलेला माणूस गवतात मूर्ती बांधत बसला होता. एक गिऱ्हाईक घाई करत होतं. त्याला तो म्हणाला, "घाई आसंल तर तुमी बांधा. मी बगतो. न्हाईतर मी बांधतो, तुमी गप बसा."

नितीन जागच्या जागी उभा राहिला. शब्द पुरुषाचे होते, पण सूर त्याच्या ओळखीचा होता. ह्या सुराखाली त्यानं वीस वर्षं काढली होती. त्यानं चेहरा पाहिला. पेंटरला चेहरे कळतात. कपाळ, नाक, खालचा ओठ. राहीबाईंना मिशा लावून गवतात बसवल्यासारखं होतं.

"रामभाऊ, हे कुणी फॉरेनचा संत मागतायत," दुकानदार म्हणाला.

"तुमचं गाव कुठलं?" नितीननं त्या माणसाला विचारलं.

"हितलंच."

"मी हिंगणवाडीच्या राहीबाईंचा जावई. मोनिकाचा नवरा."

रामभाऊंच्या हातातली सुतळी थांबली नाही. त्यांनी गाठ मारली, उरलेली सुतळी तोडली, मूर्ती बाजूला ठेवली. मग विचारलं, "कशी हाय म्हातारी?"

शेजारच्या टपरीवर चहा झाला. श्रीमंतनं, म्हणजे इथल्या रामभाऊंनी, एकदाही मान वर केली नाही. बायको होती, दोन मुलं होती, एक हॉटेलात मॅनेजर. शिर्डीत येऊन त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली होती. त्याआधी नाशिक, त्याआधी कुठं कुठं. ट्रंक पहिल्याच आठवड्यात विकली. शेव-लाडू एका स्टँडवर खाल्ले.

"ती तुम्हाला अजून शोधतेय," नितीन म्हणाला. "दर मंगळवारी मेणबत्ती लावते. हरवलेलं सापडावं म्हणून."

"मी हरवलो न्हवतो," श्रीमंत म्हणाला. "मी कुठं हाय ते मला ठाऊक हुतं. मला फादर व्हायचं न्हवतं. तिला तोंडावर सांगायची छाती न्हवती. तुमी सांगितलं आस्तं का?"

नितीननं प्रामाणिकपणे विचार केला. "नाही," तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर तो अगदीच गोंधळला. पोरगा सापडला खरा. पण सापडवला कुणी? अंतोनीनं म्हणावं, तर त्याच्याकडे मागणं पोचलंच नव्हतं. योसेफानं म्हणावं, तर त्याचं ते काम नव्हतं. शिवाय जो हरवलाच नव्हता तो सापडला असं म्हणता येतं का? प्रोटेस्टंट डोक्यानं त्यानं थेट देवाला विचारून पाहिलं. टेम्पो श्रीरामपुरात शिरला तरी उत्तर आलं नाही.

राहीबाईंना त्यानं मोनिकाला बरोबर घेऊन सांगितलं, एकट्याची हिंमत नव्हती. त्या शेंगा सोलत होत्या. ऐकून त्यांनी सूप खाली ठेवलं.

"जेवतो का येळेवर?"

"हो, आई."

"काम काय करतो?"

"मूर्ती बांधतो. गवतात. फुटू नयेत म्हणून."

"कुनाच्या?"

"सगळ्यांच्याच. जी येईल ती."

"मंजी देवाच्याच कामाला लागला की," त्या म्हणाल्या. "मी बोलले हुते तेवढं न्हाई झालं. पन पार वाया न्हाई गेलं." मग त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "माज्या भ्यानं पळाला व्हय?"

मोनिकानं सुपातल्या चार शेंगा उचलून सोलायला घेतल्या. राहीबाईंनी सूप परत मांडीवर घेतलं.

श्रीमंत आला तो सोमवारी, दुकानातून सुट्टी काढून. पायाला हात लावला. राहीबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, मग दंडावरून, शेतकरी बैल पाहतो तसा. मटण शिजलं होतं. तो जेवला, त्यांनी वाढलं. दिशा दारातून ह्या नव्या मामाला न्याहाळत होती.

"निगताना सांगून जायाचं आसतं," राहीबाई म्हणाल्या.

"सांगितलं आस्तं तर जाऊ दिलं आस्तं का?"

"न्हाई."

"मग?"

"मग काय. आमटी घे."

फादर मुद्दाम भेटायला आले. त्यांनी आनंदानं विचारलं, "आजी, आता चर्चमध्ये आभाराची मिस्सा कुणाच्या नावानं करायची? अंतोनी की योसेफ?" राहीबाई म्हणाल्या, "तुमी शिकलेले, तुमी सांगा." फादर म्हणाले की दोघांच्या नावानं करू. राहीबाई म्हणाल्या, "तसंच करा. पन आदी योसेफांचं नाव घ्या, त्यांना लई तरास दिलाय." फादर मान हलवत गेले. मिस्सेत त्यांनी दोन्ही नावं घेतली आणि ऐनवेळी गडबडून तिसऱ्याही एका संताचं घेतलं, ज्याचा ह्या प्रकरणाशी काही संबंध नव्हता.

श्रीमंत चारच्या एस.टी.नं निघाला. ह्या वेळी सांगून. "येतो, आई." "ये," राहीबाई म्हणाल्या, आणि तो दिसेनासा होईपर्यंत दारात उभ्या राहिल्या. त्यांनी डबा दिला नव्हता. नितीननं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "डबा दिला की हा लांब जातो."

त्यानंतर मंगळवारच्या मेणबत्त्या थांबल्या आणि खरा अंतोनी आणायचंही राहून गेलं. मागायला काही उरलं नाही, असं त्या म्हणायच्या. मात्र सोमवारी कुणी दार वाजवलं की आधी त्याच उठत. श्रीमंतचा फोन सणाला यायचा, कधी नाही यायचा. दुकानात गर्दी असायची.

राहीबाई मागच्या वर्षी मार्चमध्ये गेल्या, झोपेत. श्रीमंतला फोन लागला नाही. तो आला तीन महिन्यांनी. त्याच्या धाकट्या मुलाला शिर्डीत नवं रेशन कार्ड काढायचं होतं आणि त्यासाठी राहीबाईंच्या जुन्या कार्डावर अजून असलेलं श्रीमंतचं नाव कमी केल्याचा दाखला लागत होता. नितीन त्याच्याबरोबर तहसील कचेरीत गेला. राहीबाईंचं नावही त्याच फेरीत कमी झालं.